पुण्यातील उन्हाळी बागेसाठी देशी झुडपे: निवड, लागवडीची वेळ आणि पहिल्या दोन उन्हाळ्यांचे पाणी

माळरान (धागाकर्ता)

होळी झाली की या विभागात दर वर्षी त्याच तऱ्हेचे प्रश्न येऊ लागतात. पाने करपली, सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही रोप मान टाकते, कमी पाण्यावर जगणारे एखादे देशी झाड सुचवा. उत्तरादाखल कोणीतरी दहा-बारा नावे देतो, विचारणारी मंडळी ती रोपे त्याच आठवड्यात आणून भर एप्रिलात लावतात आणि मे महिन्यात देशी झाडेही गेल्याची तक्रार घेऊन परत येतात. दिलेली नावे बहुधा बरोबर असतात. अडचण अशी की कमी पाण्यावर जगण्याची ताकद झाडाला मुळे खोल गेल्यावरच येते, आणि त्यासाठी निदान एक पूर्ण पावसाळा आणि बेताच्या पाण्यावर काढलेले दोन उन्हाळे जावे लागतात. एवढे एकच म्हणणे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढला आहे.

प्रथम आपल्या गावाच्या हवामानाविषयी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. शहरात वर्षाकाठी साधारण ७०० ते ७५० मिलीमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडून जातो. परतीचा पाऊस आणि एखाददुसरा वळीव सोडला, तर पुढचे सात-आठ महिने जमिनीला वरून काहीही मिळत नाही. एप्रिलमध्ये कमाल तापमान सरासरीने ३८ अंशांच्या आसपास असते, अधूनमधून ते चाळिशी ओलांडते, आणि दुपारची हवा इतकी कोरडी होते की पानांतून जाणारे पाणी मुळांना भरून काढता येत नाही. तासाभराच्या अंतरावरील लोणावळ्यात याच्या कित्येक पट पाऊस पडतो. त्यामुळे सह्याद्रीतले झाड म्हणजे पुण्यात तगणारे झाड, असा हिशेब करता येत नाही. सोनचाफा आणि सुरंगी ही घाटमाथ्यावरची व कोकणातली झाडे आहेत. त्यांना पुण्यात वाढवता येते, परंतु त्यांचे पाणी तोडता येत नाही.

पुण्यासाठी नमुना हवा असेल, तर वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी यांच्याकडे पाहावे. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा बेसाल्ट, अशा जागी कोणी पाणी न घालता मेढशिंगी, सालई, वारस, गणेर, पाचुंदा हे वृक्ष आणि तरवड, धायटी, करवंद, निर्गुडी ही झुडपे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. (या टेकड्यांवर सर्वत्र दिसणारी गिरिपुष्प ही मूळची मध्य अमेरिकेतील असून वनीकरणात लावलेली आहे. फेब्रुवारीतील तिची गुलाबी फुले पाहून तिच्या शेंगा गोळा करू नयेत, ही विनंती.)

या झाडांचे उन्हाळ्यातले वागणे समजून घेतले, की बागेतल्या निम्म्या तक्रारी मिटतात. सालई, गणेर यांच्यासारखी झाडे उन्हाळा लागण्यापूर्वीच पाने गाळून मोकळी होतात. गणेर तर निष्पर्ण फांद्यांवरच सोनेरी फुले धरतो. रुईच्या पानांवर मेणासारखा पांढुरका थर असतो व तो बाष्पीभवन रोखतो. शतावरी आपला साठा जमिनीखालच्या मुळ्यांत ठेवते आणि वरचा वेल वाळला तरी पावसाबरोबर नव्याने कोंब काढते. बहुतेक झाडे भर दुपारी पानांवरील रंध्रे मिटून घेतात व त्या वेळी त्यांचे सारे व्यवहार जवळजवळ बंद असतात. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची ही रीत पुणेकरांना वेगळी समजावून सांगायला नको. अशा वेळी पाने किंचित लोंबली म्हणून बादली घेऊन धावण्याचे कारण नाही. तेच रोप दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ताठ उभे असेल, तर त्याला पाण्याची गरज नाही. सकाळीही ते मलूल दिसत असेल, तरच पाणी घालावे.

आता निवड. मला स्वतःला तरवडाविषयी पक्षपात आहे आणि तो लपवण्याची इच्छा नाही. पुरुष-दीड पुरुष उंचीचे हे झुडूप, हळदीसारखी पिवळी फुले, कागदासारख्या पातळ चपट्या शेंगा. त्याची साल कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे आणि तेलंगणाने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. पुण्यात मात्र बांधावरचे रान म्हणून ते उपटले जाते. वर्षाचे अनेक महिने ते फुलते, जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि एकदा रुजल्यावर त्याला मे महिन्यातही पाणी मागताना मी पाहिलेले नाही.

धायटी उताराच्या, दगडी जागेसाठी उत्तम आहे. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तिच्या कमानदार फांद्या नळीच्या आकाराच्या लाल फुलांनी भरतात व त्यांवर सूर्यपक्षी दिवसभर असतात. जागा मोठी असेल, तर काळा कुडा आणि बहावा ही ऐन उन्हाळ्यात फुलणारी झाडे घ्यावीत. कुंपणासाठी करवंद किंवा काटेकोरांटी, भिंतीवर चढवण्यासाठी वाघाटी. आषाढी एकादशीचा उपवास सोडताना जिच्या फळांची भाजी करतात, तीच ही वाघाटी. तिचे आकडेदार काटे कपडे सोडत नाहीत, म्हणून ये-जा असलेल्या वाटेवर ती लावू नये. अडुळसा आणि निर्गुडी यांच्याविषयी फार लिहीत नाही, कारण पावसाळ्यात फांदी खोचली की ती दोन्ही लागतात.

लागवडीची वेळ एकच, ती म्हणजे मृगाचा पाऊस दोन-तीनदा चांगला पडून जमीन वीतभर भिजली की. खड्डा मात्र मे महिन्यातच काढून तापू द्यावा. रोपवाटिकेतील पिशवी फाडल्यावर हुंडीच्या, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या, तळाशी पाहावे. मुळांनी पिशवीतल्या पिशवीत वेटोळे घातले असेल, तर ते हलक्या हाताने सोडवावे किंवा खालचे टोक धारदार कात्रीने छाटावे, अन्यथा ती मुळे जमिनीत जाऊनही गोलच फिरत राहतात. बहुतेक हुंड्या चिकट लाल मातीच्या असतात. ही माती एकदा वाळली की विटेसारखी घट्ट होते आणि घातलेले पाणी तिच्या कडेने मुरुमात निघून जाते. वरून जमीन ओली आणि हुंडी आतून कोरडी, असे दृश्य मी अनेक मेलेल्या रोपांखाली पाहिले आहे. म्हणून लावण्यापूर्वी हुंडी पाण्यात बुडवून घ्यावी आणि तिच्या कडा बोटांनी थोड्या मोकळ्या कराव्यात.

पाणी द्यायचे ते कमी वेळा, परंतु भरपूर. पहिल्या उन्हाळ्यात झुडपाला आठ-दहा दिवसांनी एक मोठी बादली, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात फक्त नजर. रोज तांब्याभर पाणी घातल्यास वरची दोन बोटे माती ओली राहते, मुळे तिथेच पसरतात आणि आपण चार दिवस गावाला गेलो की झाड वाळते. आळे खोडाला चिकटून न ठेवता दर वर्षी बाहेर सरकवावे आणि त्यात उसाचे पाचट किंवा वाळका पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा. पाचट खोडाला मात्र लागू देऊ नये, वाळवी येते.

कर्वेनगरची गच्ची

लेख आवडला, परंतु तो जमिनीच्या मालकांसाठी आहे असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. आमच्यासारख्या बहुसंख्य पुणेकरांकडे तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावरील गच्ची आणि कुंड्या एवढेच असते. ज्या झाडाची सारी शक्ती खोल मुळांत आहे, त्याला बारा इंचांच्या कुंडीत लावल्यावर त्या शक्तीचे काय होते?

माळरान (धागाकर्ता)

ती बहुतांशी संपते. बहावा, पळस, कुडा यांचे सोटमूळ कुंडीत अडते. झाड जगते, पण ते दुसऱ्या कोणत्याही कुंडीतल्या झाडाइतकेच पाणी मागते. गच्चीसाठी निवडीचा निकष वेगळा ठेवावा लागतो आणि ज्यांचा साठा कंदात, मुळ्यांत किंवा जाड पानांत असतो, अशांना पुढे काढावे लागते. शतावरी, काटेकोरांटी, पांढरा चित्रक आणि छाटून आटोपशीर ठेवलेला अडुळसा ही चार तरी मोठ्या कुंडीत निभावतात. तरवडही वाढतो, फक्त कुंडी अठरा इंचांपेक्षा कमी खोल नसावी व दर पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची छाटणी करावी.

गच्चीवर रोपाला हवेइतकाच तापलेल्या स्लॅबचा आणि कुंडीच्या भिंतीचा त्रास होतो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू दुपारी हात लावून पाहावी. त्या बाजूची पांढरी मुळे आतून तपकिरी झालेली सापडतात. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी झिरपून उडते, त्यामुळे तिला पाणी जास्त लागते हे खरे, परंतु मुळे थंड राहतात. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, एकमेकींना खेटून ठेवाव्यात, आणि लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भराव्यात. सर्वांत हळवे रोप मध्यभागी ठेवावे.

कर्वेनगरची गच्ची

शेंड्यांची युक्ती करून पाहीन. येथे एक भर घालते. गच्चीवर वजन कमी राहावे म्हणून अनेक जण निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरतात. ते एकदा पूर्ण वाळले, की पाणी शोषण्याचे सोडून देते. वरून घातलेले पाणी क्षणात तळाच्या भोकातून बाहेर येते आणि कुंडी भिजली असा आपला समज होतो. कुंडी उचलून पाहिली तर ती हलकीच लागते. अशी कुंडी टबात अर्धा तास बुडवून ठेवावी लागते. मी आता निम्मी माती, उरलेल्यात कुजलेला पालापाचोळा व थोडे कोकोपीट असे मिश्रण घेते.

बोगनवेल

धागाकर्त्यांना एक रोखठोक प्रश्न. माझी बोगनवेल कोणत्याही उपचाराशिवाय एप्रिल-मे महिन्यांत बहरते. ती दक्षिण अमेरिकेतली. गुलमोहर मादागास्करचा, घायपात मेक्सिकोची, देवळासमोरचा चाफाही अमेरिकेकडचाच. ही सगळी मंडळी पुण्याच्या उन्हाळ्याला पुरून उरली आहेत. मग देशीपणाचा आग्रह कशासाठी?

माळरान (धागाकर्ता)

कमी पाण्यावर जगणे ही देशी झाडांची मक्तेदारी नाही, हे मान्य आहे. बोगनवेलीचे पाणी तोडले की ती अधिक फुलते, हेही सर्वांना ठाऊक आहे. तुमची वेल उपटून टाकावी, असे मी कधीही म्हणणार नाही. कुंपणाबाहेर न पसरणाऱ्या परदेशी झाडाशी माझे भांडण नाही. घाणेरी आणि अलीकडे टेकड्यांच्या पायथ्याशी केशरी ताटवे करणारा कॉसमॉस हीसुद्धा उन्हाळा-अवर्षण सहज सोसणारी आहेत, आणि नेमका तोच गुण त्यांना टेकडीवरच्या गवताला हुसकून लावण्यासाठी उपयोगी पडतो. म्हणून निवड करताना झाड तगेल का, एवढाच प्रश्न पुरेसा नाही, ते आपल्या बागेबाहेर काय करील हेही पाहावे लागते.

पाकोळी

बोगनवेल यांच्या प्रश्नाला माझ्याकडून दुसऱ्या बाजूचे उत्तर. फुलपाखरांना मध कोणत्याही फुलातून चालतो, परंतु अंडी घालण्यासाठी त्यांना ठरावीक झाडे लागतात. प्लेन टायगरच्या अळ्या रुईवर वाढतात, एमिग्रंट जातीच्या बहावा आणि तरवड यांसारख्या झाडांवर, ग्रेट ऑरेंज टिपच्या वाघाटीवर. बोगनवेलीच्या पानांवर यांपैकी कोणाचेही पोट भरत नाही. माझ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकच रुई आहे. पानाच्या मागे पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसते. तिने आधी पानाची मधली शीर कुरतडून चीक वाहून जाऊ दिलेला असतो आणि मगच ती पलीकडचा भाग खायला घेते. हा उद्योग भिंग न लावताही दिसतो. खाल्लेली पाने पाहून औषध फवारू नये, रुईला त्याने काही होत नाही.

एक इशारा मात्र देते. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, त्यामुळे छाटणी करताना चष्मा व हातमोजे वापरावेत आणि लहान मुलांच्या हाताशी रुई लावू नये. कण्हेरही अशीच काटक आहे, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे.

सोसायटी सचिव

आमच्या सोसायटीत सुमारे १,००० चौरस फुटांची मेक्सिकन लॉन आहे. दर उन्हाळ्यात टँकरवरून सभेत वाद होतात. लॉन काढावी, असे मी सुचवले, तर सभासद म्हणतात की त्या जागी वाळके रान दिसेल. येथील जाणकारांनी मुद्देसूद काही सांगितल्यास ते सभेपुढे ठेवता येईल.

माळरान (धागाकर्ता)

सभेपुढे आकडा ठेवा. १,००० चौरस फूट म्हणजे जवळपास ९३ चौरस मीटर. त्यावर रोज केवळ ५ मिलीमीटर पाणी दिले, तरी ते ४६५ लीटर होते, म्हणजे महिन्याला सुमारे १४,००० लीटर, आणि १०,००० लीटरच्या टँकरच्या हिशेबात जवळजवळ दीड टँकर. पाणी वाया जाते ते वेगळे.

सगळी लॉन एकदम काढण्याचा प्रस्ताव आणू नये, तो पडेल. मुलांच्या खेळापुरता चौथा हिस्सा ठेवावा आणि कडेच्या पट्ट्यांपासून सुरुवात करावी. तिथे तरवड, धायटी, निर्गुडी लावावीत, करवंद व कोरांटी मुलांपासून दूर, भिंतीकडे. मध्ये मारवेल, पवन्या यांसारखी आपली गवते लावल्यास पावसाळ्यात ती हिरवी असतात आणि दिवाळीनंतर सोनेरी होतात. हे सोनेरी गवत पुष्कळांना वाळके वाटते, हे सभासदांचे म्हणणे एका अर्थी खरे आहे व ते नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय वाळक्या गवताला आग लागते, म्हणून डिसेंबरात ते वीतभर उंचीवर कापून त्याचेच आच्छादन झुडपांच्या आळ्यांत घालावे. पायवाटेच्या दोन्ही कडा सरळ आणि स्वच्छ कापलेल्या ठेवल्या, की मधले रान मुद्दाम राखलेले आहे हे पाहणाऱ्याला कळते. या एका गोष्टीने विरोध बराच निवळतो.

सोसायटी सचिव

आभारी आहे. आमच्याकडे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी उपलब्ध आहे. ते या झुडपांना चालेल का?

रोपवाटिका, सोलापूर रस्ता

चालेल, पण मातीवर पांढरा थर येऊ लागला तर तो क्षारांचा आहे असे समजावे. अशा वेळी थोडे थोडे पाणी देत राहिल्यास क्षार मुळांपाशीच साचतात. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने आळे भरभरून भिजवावे, म्हणजे ते खाली जातात. बोअरच्या जड पाण्यालाही हेच लागू आहे.

आता या धंद्यातील माणूस म्हणून थोडे लिहितो. उरुळी कांचन, सोरतापवाडी या पट्ट्यात एवढ्या रोपवाटिका असूनही तरवड किंवा धायटी का मिळत नाही, असे अनेक जण विचारतात. ग्राहक पिशवीत फूल दिसल्याशिवाय रोप उचलत नाही आणि तरवडाचे रोप पिशवीत मरतुकडेच दिसते. त्याचे सोटमूळ काही महिन्यांत पिशवीच्या भोकातून खालच्या जमिनीत घुसते. मग रोप उचलताना ते तुटते, आणि मोठे म्हणून विकत घेतलेले रोप महिन्याभरात जाते. म्हणून कमरेएवढ्या रोपापेक्षा वीत-दीड वीत उंचीचे, त्याच वर्षी रुजवलेले रोप घ्यावे. अशी रोपे हवी असल्यास फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगून ठेवावे. जुलैत येऊन मागितल्यास आम्ही जे शिल्लक आहे तेच देणार.

जमिनीत थेट बी लावणे त्याहूनही बरे. तरवड आणि बहावा यांच्या बियांचे कवच कठीण असते. उकळून चुलीवरून उतरवलेले पाणी त्यांवर ओतून रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी जे बी फुगलेले दिसेल ते पेरावे, न फुगलेले पुन्हा गरम पाण्यात टाकावे. बहाव्याचे बी दगडावर एका बाजूने घासले, तर अधिक खात्रीने उगवते. पळसाला यातले काही लागत नाही. मे-जूनमध्ये झाडाखाली पडलेली चपटी शेंग उचलून पाऊस पडताच पेरली, की तो उगवतो.

माळरान यांनी मोगऱ्याचा उल्लेख केला नाही. लोक उन्हाळ्याचे झाड म्हणून तोच आधी नेतात. मोगरा ताण सोसतो तो हिवाळ्यात. डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून, पाने झडू देऊन, मग छाटणी करून खत-पाणी चालू केले, की मार्चपासून कळ्या लागतात. कळ्या असताना पाणी तोडल्यास त्या गळतात. त्याला काटक झुडपांच्या रांगेत बसवू नये.

नवखा

टेकडीवरूनच छोटी रोपे काढून आणली तर चालतील का? तिथे धायटीची खूप आहेत.

पाकोळी

नाही. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, आणि ते नसते तरी सोटमूळ तोडून आणलेले रोप जगत नाही. रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली पडलेल्या शेंगांतील मूठभर बिया पुरेशा असतात.

नवखा

धन्यवाद. आता एप्रिलचा दुसरा आठवडा आहे आणि बंगल्याच्या पश्चिमेला पंधरा फूट लांबीची मोकळी पट्टी आहे. जूनपर्यंत वाट पाहण्याखेरीज आत्ता करण्यासारखे काही आहे का?

माळरान (धागाकर्ता)

पुष्कळ आहे. पट्टीत बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो, तो आधी काढा. सिमेंटचे तुकडे आणि चुना राहिल्यास पाने पिवळी पडतात आणि दोष उन्हाळ्याला दिला जातो. पाच-पाच फुटांवर दीड फूट रुंद व तितकेच खोल असे तीन खड्डे काढून उघडे ठेवा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात मुरते ते पाहा. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसले, तर खाली दगड आहे. मग तिथे खड्ड्याऐवजी फूटभर उंचीचा मातीचा वरंबा करून त्यावर लागवड करावी लागेल, कारण या झुडपांना कोरडेपणा सोसतो, मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. खत फार घालू नका. मूठभर निंबोळी पेंड आणि घमेलेभर जुने शेणखत पुरे, जास्त घातल्यास पाने लुसलुशीत येतात आणि तीच पहिल्या उन्हात करपतात. पश्चिमेची बाजू आहे, तेव्हा मधल्या खड्ड्यात तरवड आणि दोन्ही टोकांना धायटी लावा. बिया आणि रोपांची मागणी याच महिन्यात नोंदवा. पाण्याच्या निचऱ्याचा निकाल काय आला ते येथे लिहा, त्यावरून वरंब्याची उंची ठरवू.